चढलेली बाजू

श्रोतेहो, नमस्कार. रेकॉर्ड जमवण्याच्या छंदावर बोला, असं मला सांगितलंय. बारा मिनिटं दिलीत. काचेपलीकडे बसलेल्या बाईंनी दोनदा बजावलंय की विषय सोडून भटकू नका. बघू या कितपत जमतंय.

माझा छंद जॅझच्या रेकॉर्डांचा. म्हणजे घरात दुसऱ्या कुणालाही न आवडणाऱ्या रेकॉर्डांचा. आणि हा नाद लागला तो रेडिओमुळेच, त्यामुळे इथं बसून कबुली द्यायला हरकत नाही. व्हॉइस ऑफ अमेरिकावर १९५५ सालापासून जॅझचा कार्यक्रम लागायचा, शॉर्टवेव्हवर. विलिस कोनोवर नावाचे गृहस्थ तो सादर करत. ज्यांची भाषा इंग्रजी नाही अशांनाही समजावं म्हणून ते मुद्दाम सावकाश बोलत, एकेक शब्द सुटा करून. मी कॉलेजात असताना रात्री उशी ट्रान्झिस्टरवर टाकून ऐकायचो. स्टेशन सरकायचं, मध्येच कुठल्या तरी देशाच्या बातम्या घुसायच्या, पुन्हा बटण फिरवायचं. पण त्या माणसाचा एक शब्द कधी निसटला नाही. हल्लीचे निवेदक इतके भरभर का बोलतात, कुणाची गाडी चुकणार असते, मला कळत नाही. असो. बाई बघतायत.

लोक विचारतात, मराठी माणसाला जॅझ कशाला? अहो, १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकन वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला होता. त्याच्यामागून आलेल्यांचं ऐकून ऐकून गोव्याची पोरं तयार झाली. त्यातला एक हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. ट्रम्पेट असा वाजवायचा की त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत, आणि बँडवर नाव लावायचा चिक चॉकलेट. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्यालाच हाताशी धरलं, आणि १९५१ साली 'अलबेला' आला. ज्या गाण्यांवर आपले काका-मामा वरातीत नाचले, त्यांत जॅझ होतं. त्यांना माहीत नव्हतं, एवढंच.

आता जमवण्याबद्दल. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही लक्षात ठेवण्यासारख्या. पहिली, रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या. एकावर एक चळत रचायची नाही. उभ्या. पुस्तकांसारख्या. दुसरी गोष्ट आजोबांच्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या जड रेकॉर्डांची. त्या लाखेच्या असतात. आपल्याकडच्या जंगलातली लाख जहाजानं जायची आणि तिकडे न्यूयॉर्कचं, शिकागोचं जॅझ त्या लाखेवर छापलं जायचं. तर लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट लावायचं नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पुन्हा सांगतो, एलपीचं एक वेळ चालेल, लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट नाही म्हणजे नाही. माझ्या एका स्नेह्यांनी पुसायला घेतली आणि हातात काळा बोळा राहिला.

बाकी या छंदात येडेपणाला अंत नाही. रेकॉर्डच्या मधल्या कागदाभोवती जी गुळगुळीत जागा असते ना, तिथे बारीक खुणा कोरलेल्या असतात. ब्लू नोट नावाच्या जॅझ कंपनीच्या जुन्या रेकॉर्डवर तिथे इंग्रजी 'पी' अक्षर असतं, पण वळण असं की थेट माणसाचा कान दिसतो. १९६६ नंतरच्या प्रतींवर तो कान नाही. कान असेल तर किंमत चढते. भर रस्त्यात टॉर्च आणि भिंग घेऊन रेकॉर्डचा कान शोधणारी माणसं मी पाहिली आहेत. मीही त्यांतलाच. मात्र नुसती कव्हरं चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगणाऱ्यांशी माझं पटत नाही. आत रेकॉर्ड आहे, ती वाजवा की!

बरं. आता जे सांगायला आलोय ते सांगतो.

१९८४ साली मटण स्ट्रीटवर, म्हणजे चोरबाजारात, मला 'काइंड ऑफ ब्लू' मिळाली. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची, १९५९ सालची. कुणा परदेशी बिऱ्हाडाच्या सामानातून आलेली असावी. दुकानदारानं ऐंशी सांगितले, कव्हरचा एक कोपरा कसरीनं खाल्लेला होता तो मी दाखवला, पस्तिसाला दिली. मग एवढी स्वस्त? तर तेव्हा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डींना भाव होता, असल्या गोऱ्या-काळ्यांच्या वाजपाला कुत्रं विचारत नव्हतं. घरी आणली, धुतली, वाळवली, रविवारी सकाळी लावली.

आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. आमच्या शेजारी अण्णा. पेटीवाले अण्णा. कीर्तनाला साथ करायचे, नाटकाच्या पदांना करायचे, शिकवण्या घ्यायचे. पहिल्या बाजूचं पहिलं वादन संपत आलं तसे अण्णा दारात येऊन उभे. मला वाटलं, आवाज कमी कर म्हणणार. तर म्हणाले, "काफी आहे रे हा."

आणि होताच! ते पहिलं वादन आपल्या रागसंगीतातल्या काफी थाटाच्या सुरांवरच उभं आहे. कोमल गंधार, कोमल निषाद. पांढरी दोनचा, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, सा धरून सोळा मात्रागट तसेच बसतात, मग सगळाच्या सगळा डोलारा उचलून काळी दोनवर नेतात, आठ तिथे, आणि पुन्हा खाली. अण्णा खूश. "दोन सूर धरून बसलेत आणि कंटाळत नाहीत, म्हणजे आपल्यातलेच आहेत," म्हणाले आणि जाऊन पेटी घेऊन आले. भाता सोडला, पांढरी दोन दाबली, आणि तोंड कडू झाल्यासारखं केलं.

"तुझं यंत्र चढलंय."

पेटीचा सूर आणि रेकॉर्डचा सूर मिळेचना. फार नाही, अगदी किंचित. काळी दोन लांबच राहिली, पण पांढरी दोनच्या जरा वर. दोन्ही एकदम वाजले की मध्ये थरथर यायची, पंख्यासमोर बोलल्यावर येते तशी. मला ते लागलं. नवीन रेकॉर्ड, पस्तीस रुपयांची, आणि हे माझ्या टर्नटेबलला नावं ठेवतायत! मी म्हटलं, "अण्णा, तुमची पेटी उतरली असेल."

नको ते बोललो. अण्णांनी भाता बंद केला, पेटी उचलली आणि गेले. दुसऱ्या दिवशी कळलं, सूर मिळवणाऱ्याकडे पेटी गेली. त्यानं ट्यूनिंग फोर्क लावून सगळे सूर तपासले आणि सांगितलं की पेटी ठीक आहे, पण आणलीच आहे तर साफ करतो. चाळीस रुपये घेतले. अण्णांनी मला ती पावती आणून दाखवली. बोलले काहीच नाहीत.

मग माझी पाळी. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं पट्टा बदलला, तेल घातलं, दीडशे रुपये. रेकॉर्ड लावली, अण्णांनी पांढरी दोन दाबली, थरथर तशीच. कचेरीतल्या एका मित्रानं युक्ती सांगितली. पुठ्ठ्याची चकती कापायची, तिच्या कडेला बरोबर १८० काळ्या रेघा आखायच्या आणि ती टर्नटेबलवर ठेवून ट्यूबलाइटखाली बघायची. आपली वीज पन्नास सायकलची, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. वेग जर मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांचा असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. दोन रात्री बसून रेघा आखल्या. चकती फिरवली. रेघा उभ्या! हलायला तयार नाहीत. तरी अण्णांचा विश्वास नाही. मग कागदाचा तुकडा चिकटवून त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर फेऱ्या मोजल्या. तीन मिनिटांत शंभर व्हायला हव्यात. शंभर झाल्या.

म्हणजे बघा. पेटी बरोबर, टर्नटेबल बरोबर, आणि सूर मात्र जमत नाहीत. अण्णा म्हणाले, "मग तो तुतारीवालाच बेसूर." हे मी ऐकून घेणार नव्हतो. आठ-दहा दिवस आमचं बोलणं बंद.

कोंडी फुटली ती हिच्यामुळे. गणपतीच्या आधीची सफाई चालली होती. हिनं टर्नटेबलवरची रेकॉर्ड पुसायला उचलली आणि ठेवताना उलटी ठेवली. संध्याकाळी मी कचेरीतून आलो, न बघता सुई टेकवली. चहा होईपर्यंत पलीकडच्या खोलीतून पेटी ऐकू यायला लागली. अण्णा साथ करत होते! सहा मात्रांची चाल होती, त्यांनी दादराच धरला होता. पांढरी पाचचा सा. आणि थरथर अजिबात नाही. बासुंदीत साखर विरघळावी तसे दोन्ही सूर एक.

मी धावत गेलो. अण्णा म्हणाले, "दुरुस्त केलंस ना शेवटी?" मी म्हटलं, काहीच केलेलं नाही, ही दुसरी बाजू आहे. दोघंही गप्प. मग परत आमच्या खोलीत येऊन बाजू पालटली. पहिली बाजू चढलेली. दुसरी बाजू बरोबर. पुन्हा पालटली. पहिली चढलेली, दुसरी बरोबर. सगळा महिनाभर आम्ही दोघं शहाणे पहिलीच बाजू वाजवत बसलो होतो! यंत्र पळत असतं तर दोन्ही बाजू पळाल्या असत्या, हे एका पेटीवाल्याला सुचलं नाही आणि एका बी.एस्सी. झालेल्यालाही नाही.

पण असं का, याचं उत्तर मात्र तेरा वर्षं मिळालं नाही. १९९७ मध्ये भाचा तिकडून येताना त्याच रेकॉर्डची नवी सीडी घेऊन आला, तिच्यासोबतच्या माहितीत उलगडा होता. थोडक्यात सांगतो. पहिल्या बाजूचं ध्वनिमुद्रण २ मार्च १९५९ चं, दुसऱ्या बाजूचं २२ एप्रिलचं. जागा एकच, न्यूयॉर्कमध्ये तिसाव्या रस्त्यावरचं एक जुनं चर्च, त्याचा स्टुडिओ केलेला. मार्चमध्ये टेपचं मुख्य यंत्र जरा हळू चालत होतं. हळू चाललेल्या यंत्रावर मुद्रण केलं आणि बरोबर चालणाऱ्या यंत्रावर वाजवलं, की सूर चढतो. एप्रिलपर्यंत यंत्र ताळ्यावर आलेलं. बाजूला सावधगिरी म्हणून दुसऱ्या यंत्रावरही मुद्रण करून ठेवलं होतं, ते योग्य वेगाचं. ते वापरून १९९२ साली पहिल्यांदा दुरुस्त आवृत्ती निघाली. तोवर तेहतीस वर्षं सगळं जग चढलेली बाजू ऐकत होतं. कितीतरी पोरं त्या रेकॉर्डबरोबर वाजवून शिकली असतील आणि आपल्याच वाद्याच्या खुंट्या पिळत बसली असतील.

अण्णा तोवर मुलाकडे डोंबिवलीला राहायला गेले होते. सीडी घेऊन गेलो. हात थरथरत होता, पण भाता त्यांनीच सोडला. पांढरी दोन. बसली. चपखल. सगळं वादन संपेपर्यंत त्यांनी बोट उचललं नाही. मग मी तो टेपच्या यंत्राचा खुलासा वाचून दाखवला. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे माझे चाळीस रुपये न्यूयॉर्ककडे."

आज येताना मी तीच चोरबाजारातली रेकॉर्ड आणलीय. कसरीच्या कोपऱ्यासकट. इथल्या टर्नटेबलला वेग कमी-जास्त करायचं बटण आहे, तर आमचे ध्वनिमुद्रक मित्र म्हणाले, थोडं खाली घेऊन सूर बरोबर करून देऊ का? मी म्हटलं, हात लावू नका. या सुराचे एकशे नव्वद रुपये भरलेले आहेत.

तर श्रोतेहो, पहिली बाजू, पहिलं वादन. सुरुवातीला पियानो आणि बेस फार हळू आहेत, पंखा बंद करा. आणि घरात पेटी असेल तर जवळ ओढा, पांढरी दोन दाबून ठेवा.