हिरवा कागद आणि ओला घाट

(साताऱ्यात गाड्यांच्या हौशी मंडळींपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून)

मंडळी, नमस्कार. एवढ्या पावसात आलात, बरं वाटलं. येताना मी बाहेर उभ्या गाड्या बघून आलो. चार खाली बसवलेल्या आहेत आणि त्यातल्या दोघींचे पुढचे टायर आतल्या कडेने खाल्लेत. वाकून बघायची सवय हाडात मुरलीय. आजचा विषय आहे सस्पेन्शन, म्हणजे चाकं गाडीला जोडणारे स्प्रिंग, शॉकअब आणि आर्म, बदललं की स्पोर्ट्‌स कार वळणात कशी वागते. तो सांगणारच आहे, पण आधी बॉक्स्टरची हकिकत सांगू द्या. ती ऐकल्याशिवाय पुढचं नीट पोचणार नाही.

माझ्या मित्राच्या पुतण्याने जुनी पोर्शे बॉक्स्टर घेतली. दोन माणसांची गाडी, इंजिन सीटच्या मागे, ताकद मागच्या चाकांना. पोराने शहरातल्या एका मोठ्या दुकानात तीस मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंग टाकून घेतल्या आणि वर कॉम्प्युटर अलाइनमेंटही, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवून, करून आणली. हातात छापील कागद, सगळे आकडे हिरवे. मला म्हणाला, "काका, चला पाचगणीला." गेलो. जाताना गाडी फार गोड चालली, हे खरं आहे.

उतरताना पसरणी घाटात पाऊस लागला. वेग काही नव्हता, चाळीसच्या आत. एका वळणात समोरून एसटी आली आणि पोराने दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. तेवढ्यानेच मागचा भाग सुटला. काचेतून रस्ता बाजूला सरकताना दिसला, मग कठडा, मग पुन्हा एसटी. थांबलो तेव्हा गाडीचं तोंड पाचगणीकडे होतं आणि मागचा बंपर कठड्यापासून वीतभर लांब. एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून आला, पोराच्या खांद्यावर हात ठेवला, "पाणी पी आधी" म्हणाला. त्या माणसाची मला अजून आठवण येते.

वाईत चहाच्या टपरीवर मी तो कागद नीट वाचला. सगळ्यात वर गाडीचं नाव असतं ना, तिथे पोर्शे नव्हतीच. एका साध्या फॅमिली गाडीचं नाव होतं. मशीनच्या यादीत बॉक्स्टर सापडली नसणार, म्हणून हाताला लागली ती गाडी निवडली. त्या गाडीला मागे सरळ बीम असतो, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा, तिथे टो, म्हणजे चाकांचं तोंड आत की बाहेर, ते जुळवायची सोयच नसते, म्हणून कंपनीने सूट मोठी ठेवलेली. त्या सुटीत आमचे आकडे बसले आणि हिरवे झाले. मागच्या प्रत्येक चाकाला ०.१५ अंश टो-आउट. अठरा इंची रिमवर दोन्ही चाकांचा मिळून अडीच मिलिमीटरसुद्धा भरत नाही. पण तेवढ्याने माणूस दरीत गेला असता. मला याचा राग आजही येतो. ज्याने तो कागद हातात ठेवला, त्याने वरची ओळ वाचली नव्हती.

टो म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. वरून बघितलं तर चाकांचे पंजे आत वळलेत की बाहेर. फेंगडं चालणाऱ्या माणसासारखे बाहेर असले तर टो-आउट. मागचं चाक फेंगडं असलं की वळणात काय होतं? भार येतो बाहेरच्या चाकावर, आणि त्याचं तोंड असतं वळणाच्या बाहेर. ते शेपटीला ओढून बाहेर नेतं. त्यात उतार, ॲक्सिलरेटर सोडलेला, वजन पुढे गेलेलं, मागचे टायर हलके.

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या शेडमध्ये घेतली. सपाट फरशी, टायरमध्ये हवा थंड असताना भरली, टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या सीटवर सत्तर किलो वाळूची पोती. चाकांखाली प्लास्टिकचे दोन-दोन कागद, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक मोकळं फिरतं. चार स्टँड लावून दोन्ही बाजूंना मासे धरायची नायलॉनची दोरी ताणली आणि रिमची पुढची कड, मागची कड पट्टीने मोजली. मागे दोन्हीकडे थोडा टो-इन दिला. नंतर चांगल्या मशीनवर, योग्य गाडी निवडून, ताडून बघितलं. दोरीने फार काही चुकवलं नव्हतं.

वेळ संपत आली म्हणून चिठ्ठी आली आहे. बरं, आता भरभर.

पुढच्या चाकांना बहुतेक गाड्यांत मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब एकाच उभ्या खांबात, फोर्डने १९५० साली कॉन्सल गाडीत आणलेला. त्यात खालचा आर्म चाकाकडे उतरता असेल तोवर ठीक. गाडी फार खाली बसवली की तो चाकाकडे चढता होतो. मग वळणात बाहेरचं चाक उलटं बाहेर कलतं आणि रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो, गाडीच्या वजनाचा मध्य जितका उतरतो त्याहून जास्त उतरतो. म्हणजे स्प्रिंग कापून गाडी बुटकी केली तरी तिची झुकण्याची ओढ वाढलेली असते. माझदाने १९८९ मध्ये एमएक्स-५ ला चारी चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म, दिले आणि पोर्शेने २०२१ च्या जीटी३ ला पुढे तेच दिले, ते यासाठीच. टायर रस्त्यावर सपाट टेकला पाहिजे.

टायरवर दुप्पट भार दिला तरी पकड दुप्पट होत नाही, कमी भरते. म्हणून मागचा स्टॅबिलायझर बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं झुकणं आवरणारा दांडा, जाड केला की मागे वळणात बाहेरच्या चाकावर जास्त भार जातो, मागची पकड घटते, शेपूट सुटते; पुढचा जाड केला की गाडी पुढे रेटत जाते. शॉकअब वजन पेलायला नसतो, स्प्रिंगचं उसळणं थांबवायला असतो. कडक स्प्रिंगवर जुना शॉकअब ठेवलात तर गाडी चेंडूसारखी उडेल. कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, वाढवला की स्टेअरिंग सरळ परतायला बघतं आणि वळवल्यावर बाहेरच्या चाकाला निगेटिव्ह कॅम्बर मिळतो, म्हणजे चाकाचा माथा आत कलतो. बुश, म्हणजे जोडांतले रबर, फाटलेले असतील तर यातला एकही आकडा चालत्या गाडीत टिकत नाही. म्हणून पैसे आधी बुश, बॉल जॉईंट आणि टायरवर घाला, अलाइनमेंट करा, महिनाभर गाडी चालवा, मगच कॉइलओव्हरचं, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअबच्या संचाचं, बघा. आणि उंची बदलली की पुन्हा अलाइनमेंट, कारण टाय रॉडचा, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकाला जाणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो तसा टोही बदलतो.

आतली कड खाल्ली की सगळे कॅम्बरला दोष देतात. जास्त करून चोर टो असतो. पुढे एकूण एक अंश चुकला, म्हणजे प्रत्येक चाकाला अर्धा, तर टायर दर किलोमीटरला सुमारे ८.७ मीटर आडवा घासतो. सातारा ते पुणे ११० किलोमीटर धरा. जवळजवळ एक किलोमीटर आडवा.

कागद हातात आला की आधी वरचं नाव वाचा, मग मागच्या दोन चाकांचा टो आणि त्याचं चिन्ह, अधिक की उणे. रंग नंतर. झालं, थांबतो. त्या दोन गाड्यांचे मालक कोण आहेत? जाण्याआधी भेटा. माझ्याकडे हातातली बॅटरी, टॉर्च आहे, आत्ताच बघू.