ऊस घालणारा ग्राहक नव्हे

ग्राहक संरक्षणावर बोलायचं म्हटलं की वक्ता पावती, एमआरपी आणि फसव्या जाहिराती इथून सुरू होतो. कोल्हापुरात मी साखर कारखान्याच्या काट्यापासून सुरू करतो. काटामारी म्हणजे काट्यावर उसाचं वजन कमी दाखवणं, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको.

बियाणं उगवलं नाही तर शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो. राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली हे स्पष्ट केलं. तोच शेतकरी ऊस घालायला गेला की कायद्याच्या लेखी विक्रेता होतो. मग २०१९ च्या ग्राहक कायद्यातल्या सोयी, म्हणजे राहत्या जिल्ह्यात तक्रार, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क माफ, या त्याच्या कामाच्या नाहीत. वजनाची तक्रार वैधमापनशास्त्र खात्याकडं करता येते. पण पुढच्या हंगामात ऊसतोड त्याच कारखान्याकडून मागायची असते. करणार कोण तक्रार?

दुधात असं होत नाही. गावात दोन-तीन डेअऱ्या असल्या की फॅट कमी लावणाऱ्याचं दूध दुसऱ्या दिवशी शेजारच्या डेअरीत जातं. तिथं कुठला ग्राहक आयोग लागत नाही. उसात ही सोय आपण कायद्यानंच आवळून ठेवली. झोनबंदी, म्हणजे ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती, उठली, पण दोन कारखान्यांतल्या हवाई अंतराची अट राहिली. केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशात ती १५ किलोमीटर आहे, महाराष्ट्रानं २५ केली. साखर उद्योगावरच्या रंगराजन समितीनं २०१२ मध्येच ही अट काढा म्हणून सांगितलं होतं.

कुणी म्हणेल, स्पर्धा आयोग आहे ना! आहे. कंपन्यांनी संगनमत केलं तर तो दंड करतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तर जागतिक उलाढालीवर करू शकतो. वसुली हा वेगळा विषय. सिमेंट कंपन्यांना २०१२ मध्ये सुमारे ६,३०० कोटींचा दंड झाला. सुनावणीला नसलेल्या अध्यक्षांनी आदेशावर सही केली, म्हणून २०१५ मध्ये तो रद्द झाला आणि २०१६ मध्ये नव्यानं काढावा लागला. पण सरकारी नियमच स्पर्धा अडवत असेल तर आयोगाच्या हातात फक्त मत देणं उरतं. तेही सरकारवर बंधनकारक नाही.

अंतराच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. जवळजवळ कारखाने झाले की उसाची पळवापळवी होते, गाळप अपुरं पडतं, कर्ज थकतं. सहकारी कारखान्यात भांडवल सभासदाचंच अडकलेलं असतं. (मालक आपणच, निदान अहवालात तरी.) म्हणून अट एका रात्रीत उठवा असं मी म्हणणार नाही. पण २५ किलोमीटरचं कुंपण सरकारकडून घेणाऱ्यानं त्याची किंमत मोजावी. शेतकऱ्यानं बाहेरच्या खासगी काट्यावर केलेलं वजन कारखान्यानं मान्य केलंच पाहिजे. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर), उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज, हे नियंत्रण आदेशात आधीच लिहिलंय. ते व्याज शेतकऱ्यानं मागायची वाट न बघता बिलात आपोआप धरलं जावं. ज्या कारखान्याला हे जमत नाही, त्याच्या हद्दीत दुसऱ्याला परवाना द्यावा. एवढी दुरुस्ती राज्याला करता येईल का, हे उसाच्या राजकारणावर जगणाऱ्या आपल्या आमदारांना विचारा.