भैया चौकातलं घर

सोलापूरचा भैया चौक. रिक्षांची गर्दी, हॉर्न, आणि त्या गर्दीलगतच हे कोटणीसांचं घर. आता इथं स्मारक आहे.

भिंतीवरचा हा फोटो जरा थांबून पाहा. डोक्यावर कापडी टोपी, अंगात आठव्या रूट आर्मीचा, म्हणजे जपानशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्ट सैन्याचा गणवेश. आपण सोलापूरकर द्वारकानाथ कोटणीसांना डॉक्टर म्हणूनच ओळखतो. पण हा माणूस आघाडीवर होता. शहरातल्या वीरांची नावं घेताना 1931 मध्ये फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या जोडीनं हे नाव यायलाच हवं.

1937 मध्ये जपाननं चीनवर आक्रमण केलं. चिनी सेनापती झू दे यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केलं, लोकांनी वर्गणी दिली. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपले कोटणीस, असे पाच जण निघाले. 1 सप्टेंबर 1938 ला मुंबईहून बोट सुटली. कोटणीस तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे.

वडील गेल्याची बातमी तिकडेच कळली. ते परतले नाहीत.

पुढे डोंगराळ मुलूख, आणि रस्ते म्हणजे पायवाटा. जखमी जवान मागच्या इस्पितळापर्यंत पोचेस्तोवर जखम चिघळायची. म्हणून इस्पितळच लढाईच्या जवळ न्यायचं. शस्त्रक्रियेचं सामान खेचरांवर लादायचं, खेड्यातली एखादी खोली मिळवायची, पाणी उकळायला ठेवायचं आणि कामाला लागायचं. शत्रू चालून आला की जखमींसकट सगळा पसारा डोंगरात हलवायचा. 1940 च्या मोठ्या लढाईत कोटणीस सलग 72 तास शस्त्रक्रिया करत होते, असं सांगतात. हा पराक्रम तलवारीच्या पराक्रमाहून कमी कसा म्हणायचा?

चिनी भाषा ते इतकी शिकले, की त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. 1941 मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी तिथल्या परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी लग्न झालं.

9 डिसेंबर 1942 ला अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय 32, मुलगा साडेतीन महिन्यांचा.

सैन्यानं मदतीचा हात गमावला आणि राष्ट्रानं मित्र, असं माओंनी लिहिलं. चीनमध्ये शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांचा पुतळा आहे.

शाळांच्या सहली सिद्धेश्वराचं दर्शन घेतात, भुईकोट किल्ला पाहतात आणि परततात. एक थांबा भैया चौकातही घ्या. मुलांना हा गणवेशातला फोटो दाखवा.