सुई मधोमध आली की किक

खाली जिन्यापाशी काळी बुलेट उभी आहे ना, ती माझी. म्हणजे मूळची वडिलांची, १९७६ सालची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. आज ती लावत होते तेव्हा गेटवरच्या काकांनी विचारलं, "मॅडम, साहेब मागनं येतायत का?" म्हटलं, साहेब घरी आहेत, कुकरच्या शिट्ट्या मोजतायत.

आजच्या व्याख्यानाला 'धाडसी महिला' असं नाव द्यायचं चाललं होतं. मी नको म्हटलं. धाडस लागतंच, पण या शब्दाची एक गोम आहे. तो एकदा वापरला की पुढे काही विचारायचं उरत नाही. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ, फेटा, गॉगल आणि खाली बुलेट, असे फोटो दरवर्षी छापून येतात. मलाही आवडतात. पण एखाद्या वार्ताहराने त्या पोरीला कधी विचारलंय का, की बाई गं, टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या झडपांची फट, कोण सेट करतं? तू की मिस्त्री?

हा प्रश्न मला पडला तो एका बाईमुळे. बिअ‍ॅट्रिस शिलिंग तिचं नाव. इंग्लंडात, हॅम्पशायरमध्ये जन्म, ८ मार्च १९०९. हो, ८ मार्च, महिला दिनाचीच तारीख. हा निव्वळ योगायोग, पण मी तो वर्गात दरवर्षी सांगायचे. वडील खाटीक. चौदाव्या वर्षी पोरीने साठवलेल्या पैशांतून मोटारसायकल घेतली. कोणती? रॉयल एनफिल्ड. टू-स्ट्रोक होती, पण म्हणजे माझ्या बुलेटची लांबची आत्याच. पुढे विजेची कामं करणाऱ्या मार्गारेट पार्ट्रिज नावाच्या अभियंता बाईंच्या हाताखाली उमेदवारी केली. त्या बाईंनीच तिला मँचेस्टरला शिकायला पाठवलं. १९३२ साली इलेक्ट्रिकलची पदवी घेतली, मग मेकॅनिकलचं पुढचं शिक्षण. आणि शनिवार-रविवार शर्यती.

शर्यती कुठे, तर ब्रुकलँड्सला. ते जरा डोळ्यांसमोर आणा. १९०७ साली बांधलेला काँक्रीटचा अंडाकृती मार्ग, एक फेरी पावणेतीन मैलांची, म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटर. वळणावर रस्ता भिंतीसारखा वर चढत जातो, तीसेक फुटांपर्यंत. ते काँक्रीट वर्षानुवर्षं खचत गेलेलं, त्यामुळे ठिकठिकाणी उंचवटे. आणि त्या वेळच्या गाड्यांना मागे सस्पेन्शन नाही. मागचं चाक थेट चासीला, म्हणजे रस्त्यातलं सगळं थेट मणक्याला. शंभर मैलांच्या वेगात उंचवट्यावरून गेलं की दोन्ही चाकं जमीन सोडायची. आपल्याकडे स्पीडब्रेकरवरून पन्नासने गेलं तरी मागची सीट शिव्या घालते.

तिथे रेसमध्ये ताशी १०० मैलांपेक्षा, म्हणजे १६१ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने एक फेरी मारली की गोल्ड स्टार नावाचा छोटा बिल्ला मिळायचा. मोटारसायकलवर तो मिळवणाऱ्या बायका तीनच. १९३४ मध्ये फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन, त्याच वर्षी शिलिंग, आणि १९३९ मध्ये टेरेसा वॉलाक. शिलिंगचा वेग १०६ मैल, स्वतः ट्यून केलेल्या ५०० सीसी नॉर्टनवर. तिने होणाऱ्या नवऱ्याला म्हणे सांगितलं होतं, आधी तूही गोल्ड स्टार आण, मग लग्नाचं बघू. खरं-खोटं ब्रुकलँड्सला माहीत. पण त्याने बिल्ला आणला आणि १९३८ मध्ये लग्न झालं, एवढं नक्की. पत्रिका जुळवण्यापेक्षा हे बरं.

आता जरा यंत्राकडे येते, कारण मला बोलायचंय ते यंत्राबद्दलच. जुन्या गाडीबद्दल बायकांना पहिला प्रश्न येतो तो ताकदीचा. "किक बसते का हो?" बसते. माझं वजन बावन्न किलो आहे. मोठ्या सिंगल सिलिंडर इंजिनाची किक ताकदीने मारायला गेलं तर पैलवानालाही ती उलटा झटका देते, घोटा सुजतो. मारायची पद्धत अशी. चावी फिरवा, किक हळूच दाबत जा. एका जागी ती अडते, तिथे पिस्टन वरती दाब घेऊन बसलाय. डावीकडचा डीकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढा, अडकलेली हवा फुस्स करून जाते. दिव्यावरच्या, वीज मोजणाऱ्या अ‍ॅमीटरची सुई बघा. ती एका बाजूला कललेली असते, ठिणगी पाडणारे पॉइंट उघडले की मधोमध येते. लिव्हर सोडा, किक पुन्हा वर येऊ द्या, आणि मग एकदाच, पाय शेवटपर्यंत नेऊन. झालं. यात ताकद किती आणि लक्ष किती, तुम्हीच ठरवा.

मी स्वतः हे कधी शिकले? गाडी चालवायला लागल्यावर बारा वर्षांनी. तोवर मिस्त्री जे सांगेल ते. एकदा वरंध घाटात गाडी बंद पडली, पॉइंट चिकटले होते. दोन तास एखादा ट्रक थांबतो का ते बघत बसले. टूलबॉक्समध्ये पॉलिशपेपरचा तुकडा होता, तो कशासाठी हे ठाऊक नव्हतं. पाच मिनिटांचं काम होतं ते. त्या दोन तासांची लाज अजून वाटते.

शिलिंगला ती लाज कधी वाटली नसणार. १९३६ मध्ये ती फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात लागली. १९४० साली युद्धात ब्रिटिश वैमानिकांपुढे एक विचित्र अडचण आली. जर्मन विमान पुढे असलं की ते नाक खाली घालून सूर मारायचं. मागचं हरिकेन किंवा स्पिटफायर तसंच करायला गेलं की त्याचं मर्लिन इंजिन गचके खायचं, कधी बंदच पडायचं. कारण कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग. जर्मनांचं इंधन इंजेक्शनने जायचं, इंग्रजांचं फ्लोट असलेल्या कार्बोरेटरमधून. फ्लोट म्हणजे वाटीतल्या पेट्रोलवर तरंगत झडप उघडबंद करणारा तुकडा. एकदम नाक खाली गेलं की वाटीतलं पेट्रोल वर उसळतं, इंजिन क्षणभर उपाशी राहतं. लगेच फ्लोटची फसगत होते, झडप सताड उघडते आणि पेट्रोलचा पूर येतो. खरं संकट त्या पुराचं.

शिलिंगने केलं काय? इंधनाच्या वाटेत एक पितळी अडसर बसवला, शिंप्याच्या अंगुस्तानासारखा, मध्ये बारीक छिद्र. पुढे तर नुसता चपटा वॉशरच. छिद्र नेमकं एवढं, की इंजिन पूर्ण जोरात असताना लागेल तेवढंच पेट्रोल जाईल. पूर बंद. विमान कारखान्यात परत न्यायची गरज नाही, तळावरच बसवायचं. मार्च १९४१ पर्यंत लढाऊ विमानांना ते बसवून झालं. ती स्वतः थोडी माणसं घेऊन तळातळावर फिरली, म्हणतात की मोटारसायकलवरूनच. सैनिकांनी त्या तुकड्याला 'मिस शिलिंग्ज ऑरिफिस' म्हणायला सुरुवात केली. मराठी भाषांतर मी करणार नाही, विनोद बराकीतला आहे. दोनेक वर्षांनी नवे कार्बोरेटर आले, तोवर त्या वॉशरवर निभावलं.

माझं मत विचाराल तर हे सुचायला पदवी पुरली नसती. ज्याने रविवारी रात्री स्वतःच्या गाडीचा कार्बोरेटर उघडून जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक छिद्र, बदललाय, त्यालाच वॉशर सुचतो.

बाकीच्या दोघींचंही तसंच. वॉलाक आणि ब्लेंकिरॉन डिसेंबर १९३४ मध्ये लंडनहून निघाल्या त्या केपटाऊनला, ६०० सीसीच्या पँथर मोटारसायकलला साइडकार आणि वर मागे ट्रेलर जोडून. सहारात रस्ता असा नव्हताच. इंजिन मोडलं, नवं येईपर्यंत नायजरमधल्या आगादेस गावी थांबल्या. जुलै १९३५ मध्ये पोचल्या. वॉलाक पुढे युद्धात सैन्याची डाक मोटारसायकलवरून पोचवायची, मग अमेरिकेत जाऊन तिने लोकांना गाडी चालवायला शिकवण्याची शाळाच काढली.

हे सगळं असूनही दारं बंद झालीच. ब्रिटनमध्ये १९३० सालीच स्पीडवेच्या, म्हणजे मातीच्या गोल मार्गावरच्या मोटारसायकल शर्यतींच्या, मैदानातून बायकांना काढलं, तेव्हा फे टेलर नावाची बाई तिथे पुरुषांना हरवत होती. १९६२ मध्ये बेरिल स्वेन ५० सीसीची इटॉम घेऊन आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी या मोटारसायकल शर्यतीत एकटीने उतरणारी पहिली बाई ठरली. बाविसावी आली. पडली नाही, कुणाला पाडलं नाही. तरी तिचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला. पुढची बाई तिथे एकटीने उतरली ती १९७८ साली. कारण काय, तर बायकांना इजा झाली तर बरं दिसणार नाही. पुरुष तिथे दरवर्षी मरत होते, ते बरं दिसत असावं.

एक शेवटचं, मग चहा. १९१५ साली एफी हॉचकिस नावाची मुलगी आईला साइडकारमध्ये बसवून हार्लेवर ब्रुकलिनहून सॅन फ्रान्सिस्कोला गेली. २०१० मध्ये अमेरिकेत शंभरीच्या आसपासच्या गाड्यांची आरपार दौड झाली, तेव्हा क्रिस सॉमर सिमन्स १९१५ च्याच हार्लेवर निघाली. गाडीचं नाव तिने ठेवलं होतं एफी.

तर आता खाली चला. ज्या मुलींना किक मारून बघायचीय त्यांनी चपला बदला, बूट लागतील. मुलांनीही या, हरकत नाही. लिव्हर डाव्या हाताला आहे. सुईकडे बघा, माझ्याकडे नको. आणि पहिल्या किकेत सुरू झाली नाही तर लगेच दुसरी मारू नका, आधी पेट्रोलची चावी उघडलीय का ते बघा. मी येताना बंद केली आहे.