भाव कोणत्या दिवशीचा?

राजेहो, मेक म्हणजे लिहून दिलेल्या सूचनांवरून प्रोग्राम बांधून देणारं साधन, आणि त्या सूचनांची फाईल म्हणजे मेकफाईल. ती उघडायच्या आधी जरा हिंगणघाटच्या बाजारात जाऊन येऊ. कापसाची बोली झाली, चिठ्ठीवर भाव लिहिला, की मग बाजार चढो का पडो, काट्यावर तोच भाव. दुसरी तऱ्हा म्हणजे माल व्यापाऱ्याकडे टाकून ठेवायचा आणि पैसे मागायला जाऊ त्या दिवशीचा भाव घ्यायचा. मेकमध्ये एखाद्या नावाला किंमत द्यायची दोन चिन्हं आहेत. `:=` म्हणजे चिठ्ठी. साधं `=` म्हणजे टाकून ठेवलेला माल; जेव्हा विचाराल तेव्हा हिशेब. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं, पण या दोन चिन्हांत आजही लोक फसतात.

परवा एका पोट्ट्यानं मला चाचणी करून दाखवली. `भाव = ७०००` लिहिलं, छापलं. `भाव := ७०००` लिहिलं, छापलं. "सर, काहीच फरक नाही." अरे बावा, बाजार हललाच नाही तर फरक दिसेल काहून? हे लिहून पाहा. ग्नू मेकला, म्हणजे मेकच्या ग्नू प्रकल्पातल्या अवताराला, मराठी नावं चालतात.

भाव = ७०००
चिठ्ठी := $(भाव)
ठेव = $(भाव)
भाव = ७४००

याच्या खाली इन्फो फंक्शननं दोन्ही छापा. चिठ्ठी ७०००, ठेव ७४००. टार्गेट, म्हणजे काय बनवायचं ते, दिलेलं नाही म्हणून मेक शेवटी कुरकुर करेल, करू द्या. आता तीच छापायची ओळ चौथ्या ओळीच्या वर न्या: दोन्ही ७०००! म्हणजे कुठं छापता यावरही निकाल फिरतो. रेसिपीत, म्हणजे टार्गेट बनवायच्या आज्ञांत, छापलं तर आणखी गंमत, कारण रेसिपीतली नावं सगळी फाईल वाचून झाल्यावर उलगडतात, म्हणजे नावाच्या जागी किंमत येते. भाव रेसिपीच्या खाली बदलला असला तरी ठेव नवाच भाव सांगते.

`+=` आधीच्या किमतीला पुढं जोडतं, पण त्याला स्वतःचा स्वभाव नाही. आधी `:=` असेल तर लगेच उलगडतं, नाहीतर `=` सारखं वागतं. `::=` हे ग्नू मेकमध्ये २०१३ च्या ४.० आवृत्तीत आलं; तिथं त्याचं काम `:=` चंच.

`?=` नं मात्र माझा अख्खा दिवस खाल्ला. "नसेल तर ही किंमत घे" एवढंच त्याचं काम. मी `सीफ्लॅग्ज ?=` पुढं सी कंपायलरला द्यायचे पर्याय लिहिले, आणि छापलं की रिकामं. फाईल दहादा वाचली. दुपारी लाईट गेली, तेव्हा चहा पितापिता, नावाची किंमत कुठून आली ते सांगणारं ओरिजिन फंक्शन आठवलं. लाईट आल्यावर त्याला विचारलं, तर उत्तर आलं "एन्व्हायर्नमेंट", म्हणजे फाईलीतून नाही, मेक चालवणाऱ्या शेलकडून आलेलं. मशीनच्या लॉगिन स्क्रिप्टमध्ये कोणीतरी सीफ्लॅग्ज रिकामा ठेवून एक्सपोर्ट केला होता. मेकच्या लेखी रिकामं पोतंसुद्धा पोतंच. ते आहे, म्हणून `?=` नं हात लावला नाही.

आता घरी जाऊन `सीसी ?= क्लँग` लिहा (सीसी म्हणजे कोणता सी कंपायलर वापरायचा ते, क्लँग हा त्यातलाच एक), खऱ्या फाईलमध्ये अर्थात रोमन अक्षरांत, आणि छापून पाहा. क्लँग येणार नाही. का, ते ओरिजिनला विचारा.