डोक्यात रोवलेला धागा

हा बघा, टकलावर रोवायला पाकिटातून काढलेला एकेक कृत्रिम केस. दिसायला केस, पण आहे पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्याच घरातलं. काळा, तपकिरी, सरळ, कुरळा, हवा तसा मिळतो. आता त्याच्या टोकाकडे नीट बघा, बारीकशी गाठ दिसतेय? ती आकड्यासारख्या सुईत अडकवतात, सुई डोक्याच्या कातडीतून खाली कवटीवरच्या चिवट पडद्यापर्यंत नेतात, आणि सुई बाहेर आली की गाठ आतच अडकून राहते. जागा बधिर केलेली असते म्हणून खुर्चीतले हे गृहस्थ इतके निवांत बसलेत. एक झाला की शेजारी दुसरा, मग तिसरा, टक्कल डोळ्यांदेखत भरत जातं, मागचे केस काढायची भानगड नाही, महिनोन्महिने वाट बघणं नाही, आणि नेमकं हेच विकलं जातं.

आता कातडी जवळून बघू. हेअर ट्रान्सप्लांटमध्ये डोक्यामागचा आपलाच केस मुळासकट काढून पुढे लावतात, तो तिथलं रक्त घेतो, जगतो, आणि काही दिवसांत भोवतालची जखम भरते. धाग्याभोवती कातडी तशी कधीच मिटत नाही. म्हणजे प्रत्येक धागा एक उघडं भोक आणि अशी शेकडो, कधी हजारो. घाम, तेल, आपल्याच त्वचेवर राहणारे स्टॅफिलोकोकससारखे जंतू, सगळ्यांना आत जायला वाट. बुडाशी ही पांढरट गुठळी साचलीय ना, ती परत परत साफ करून घ्यावी लागते, आणि मुंबईच्या दमट हवेत हेल्मेट घालून फिरणाऱ्याला तर जास्तच.

पू होतो, सूज येते, धागा तुटून गाठ आत राहते, व्रण पडतात आणि तिथे स्वतःचे उरलेले केसही जातात.

अमेरिकेने हे धागे 1983 लाच बंद केले, औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या एफडीए या सरकारी संस्थेने बंदी घातलेलं हे पहिलंच मेडिकल डिव्हाइस. आताचे धागे तेव्हापेक्षा बरे आहेत, मान्य, पण भोक तर तेच आहे ना. आपल्याकडे मात्र अजून हे करून मिळतं.

तरीही करायचंच असेल तर आधी टेस्ट मागा, थोडेच धागे लावून काही आठवडे थांबायचं, लाली, खाज, पू काही येतंय का बघायचं. जो टेस्टशिवाय त्याच दिवशी अख्खं डोकं भरून द्यायला निघाला असेल, त्याच्या खुर्चीतून सरळ उठा.