पहिली रात्र, मंडळाची तारीख, चुकलेली भेट

निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली मुलं ठेवतात तिथे, मूल दाखल झालं की ते स्वतःला इजा करण्याचा धोका किती, हे पाहायला आपण तक्ता भरतो. आधी कधी स्वतःला इजा केली आहे का, नशा, घरातली मारहाण, लैंगिक अत्याचार, कुटुंबात कुणाची आत्महत्या, झोप. प्रश्न योग्यच आहेत, आणि त्यात पहिल्याचं वजन सगळ्यात जास्त. पण तक्ता एकदा फाइलला लागतो, धोका मात्र रोज वर-खाली होत राहतो. म्हणून आज मी वेळा आणि तारखांबद्दलच बोलणार आहे.

मुलाला पकडल्यापासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. तिथून आपल्याकडे पोचतं तेव्हा ते उपाशी असतं, झोपलेलं नसतं, घरी कळलंय का हेही त्याला ठाऊक नसतं. त्या रात्री लांबलचक चौकशी नको. जेवण, आंघोळ, घरी फोन, आणि एक थेट प्रश्न: ‘स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतंय का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. दारूची सवय असेल तर ती सुटल्याचा त्रास काही तासांतच सुरू होतो. थरथर, घाम, अस्वस्थता दिसली की डॉक्टर बोलवा, सकाळची वाट पाहू नका.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे. बोटींवर, आंब्याच्या बागांत नेपाळहून आलेली पोरं असतात. मराठी न कळणारं मूल प्रत्येक प्रश्नाला नुसतीच ‘नाही’ अशी मान हलवतं, आणि तो तक्ता आपण ‘धोका नाही’ असा वाचतो. भाषा जाणणारं मोठं माणूस फोनवर का होईना, मिळवा. गृहातल्याच दुसऱ्या मुलाला दुभाषा करू नका. त्याच्यासमोर कुणी मन मोकळं करणार नाही, आणि तोच त्रास देणारा असू शकतो.

पुढचे अवघड दिवस आधीच कळतात. जामीन नाकारला गेला ती संध्याकाळ. दुसऱ्या गृहात हलवण्याची आदली रात्र. भेटीचा वार, ज्या दिवशी आई आलीच नाही. पावसाळ्यात घाटात दरड कोसळते, एसटी रद्द होते. मुलाला वाटतं, घरच्यांनी टाकलं. भेटीची वेळ टळली की लगेच खरं कारण सांगा, फोन जोडून द्या. गणपती आणि शिमग्यात तर घरची आठवण टोकाला जाते, आणि नेमके तेव्हाच आपले निम्मे काळजीवाहक रजेवर असतात. त्या आठवड्याचं ड्युटीचं वेळापत्रक महिनाभर आधी ठरायला हवं.

‘नाटक करतंय’ हे शब्द मला फार अस्वस्थ करतात. मरायचं नसतानाही मूल स्वतःला इजा करतं, हे खरं. पण अशा मुलांत पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला असतो. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदासुद्धा आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असंच गृहीत धरतो. शिक्षा म्हणून एकटं कोंडणं संयुक्त राष्ट्रांच्या, कोठडीतल्या मुलांसाठीच्या 1990 च्या नियमांना मंजूर नाही, आणि त्यानं धोका वाढतोच.

ज्याच्यावर लक्ष ठेवायचं ठरलं, त्याच्याकडे फेरी 15 मिनिटांच्या आत, पण ठरावीक ठोक्याला नको. कधी आठ मिनिटांनी, कधी बारा. मूल इजा करायच्या बेतात आहे असं वाटलं तर फेऱ्या पुरत नाहीत. माणूस सतत शेजारी हवा. गफलत होते ती नोंदवहीत: रात्रभराच्या वेळा एकदमच लिहून टाकल्या जातात. फेरी झाली की तिथेच घड्याळ बघून लिहा, आणि मूल काय करत होतं तेही. पाळी बदलताना ही वही तोंडी सांगून हातात द्या.

सुटकेचा दिवसही याच यादीत धरा. घरी गेल्यावरचे पहिले आठवडे नाजूक असतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो. मुलाला घेऊन जाताना तो आईच्या फोनमध्ये तुम्हीच भरून द्या.